गाण्याखाली नंबरही लिहा

महोदय,

कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मुलांनी ‘डिप्रेशनची इंग्रजी गाणी’ वाजवू नयेत, अशा अर्थाचं एका निवृत्त शिक्षकांचं पत्र गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आलं. असल्या रडगाण्यांनी चांगली मुलं खचतात, असं त्यांचं म्हणणं. ज्या कार्यक्रमावरून त्यांनी ते लिहिलं, तिथे मीही होते. माझी भाची त्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. तेव्हा चार ओळी माझ्याही छापाव्यात.

मुलांनी वाजवलं ते आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडचं ‘एव्हरीबडी हर्ट्स’. १९९२च्या अल्बममधलं, म्हणजे स्टेजवरच्या सगळ्यांच्या जन्माआधीचं. ते मुख्यतः लिहिलं बँडचे ड्रमर बिल बेरी यांनी, आणि गंमत म्हणजे रेकॉर्डवर ठेका आहे तो ड्रम मशीनचा! शब्द अगदी साधे आहेत आणि ते मुद्दाम तसे ठेवले, कारण गाणं कोवळ्या वयाच्या पोरांसाठी होतं, असं गिटारवादक पीटर बक यांनी नंतर सांगितलं आहे. सहा मात्रांची संथ चाल, आपल्या दादऱ्याच्या जवळची. आशय एवढाच की दिवस जड जातो, रात्र एकट्याने काढावी लागते, पण हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, तग धर. यात खचण्यासारखं काय आहे? विराणी ऐकून कुणी अंथरूण धरल्याचं आपल्याकडे तरी ऐकिवात नाही.

त्याचा व्हिडिओ तर पुणेकरांनी आवर्जून पाहावा. हायवेवर गाड्या तुंबल्या आहेत आणि प्रत्येक गाडीत बसलेल्याच्या मनात काय चाललंय ते पडद्यावर अक्षरांत उमटतं. शेवटी सगळे गाड्या तिथेच सोडून चालू लागतात. (चांदणी चौकात हा विचार माझ्याही मनात येऊन गेलाय.)

पण मला सांगायचंय ते पुढचं. १९९५ साली ब्रिटनमधल्या ‘समॅरिटन्स’ या संस्थेच्या लक्षात आलं की तरुण मुलगे मोठ्या संख्येने जीव देतायत आणि मदतीसाठी फोन मात्र करत नाहीत. संस्थेने वर्तमानपत्रांत जाहिरात दिली. तिच्यात फक्त या गाण्याचे शब्द होते आणि हेल्पलाइनचा नंबर. उपदेश नाही, तज्ज्ञांचा फोटो नाही. २०१७मध्ये लॉजिक नावाच्या अमेरिकन रॅपरने तर अमेरिकेतल्या आत्महत्या-प्रतिबंधक हेल्पलाइनचा नंबर हेच आपल्या गाण्याचं नाव ठेवलं. ते गाणं सर्वाधिक चर्चेत होतं त्या ३४ दिवसांत हेल्पलाइनला नेहमीपेक्षा सुमारे ९,९०० फोन जास्त आले आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा २४५ने कमी झाल्या, असा अंदाज ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झाला. शिक्षक महाशयांनी हे जरूर वाचावं.

आता आपल्या गॅदरिंगकडे या. गाणं संपलं, टाळ्या झाल्या, प्राचार्यांनी माइकवरून ‘मानसिक आरोग्याचा सुंदर संदेश’ दिल्याबद्दल मुलांचं कौतुक केलं आणि पुढच्या लावणीची घोषणा झाली. स्टेजमागे भाची केबल गुंडाळत होती तेव्हा फर्स्ट इयरचा एक मुलगा तिच्याजवळ आला. आधी गिटार कितीला मिळाली वगैरे विचारून झालं. मग म्हणाला, “ताई, तुमच्यातल्या कुणाला असं खरंच झालंय का?” तिला काय बोलावं कळेना. तिने स्वतःचा मोबाइल नंबर त्याला देऊन टाकला. कॉलेजकडे द्यायला नंबर नाही, म्हणून एकोणीस वर्षांच्या पोरीने स्वतःचा द्यायचा!

त्या कॉलेजात समुपदेशन कक्ष आहे, नाही असं नाही. दारावर पाटी आहे, खाली ‘मंगळवार दु. ३ ते ४’ असं लिहिलंय. आत कॅरम बोर्ड आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे. बरं, दार उघडतं ते बरोबर फीच्या खिडकीसमोर, जिथे सदान्‌कदा रांग असते. अख्ख्या वर्गाच्या देखत त्या दारातून कोण आत जाईल?

सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५च्या निकालात सांगितलंय की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असतील त्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक नेमायचा. टेली-मानससह हेल्पलाइनचे नंबर वर्गांत, वसतिगृहांत, वेबसाइटवर मोठ्या ठळक अक्षरांत लावायचे. कोचिंग क्लासही यातून सुटलेले नाहीत. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. सदाशिव पेठ, नारायण पेठेत एक चक्कर मारा. अभ्यासिका, मेस आणि ‘कॉट बेसिस’च्या जाहिरातींनी विजेचे खांब भरलेत. मी मुद्दाम पाहत गेले, १४४१६ मला तरी कुठे दिसला नाही. आणि २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीवन संपवल्याची सरकारी नोंद आहे, त्यात आपलं राज्य सर्वांत पुढे आहे.

शिक्षक महाशयांनी ‘गाणं संपल्यावर मुलांनी जायचं कुठे’ असं विचारलं असतं तर मी त्यांच्या पत्राला दुजोराच दिला असता. त्यांनी गाणंच बंद करायला सांगितलं. पोरं बोलत नाहीत म्हणून आपणच ओरडतो, आणि ती बोलायला लागली की माइक काढून घ्या म्हणतो.

बँड बसवणाऱ्या मुलांना माझी विनंती आहे की असं गाणं घेतलंत तर मागच्या पडद्यावर १४४१६ लावा आणि शेवटच्या सुरानंतर तो एकदा मोठ्याने वाचा. प्राचार्यांनी कॅरम बोर्ड जिमखान्यात हलवावेत आणि फीची खिडकी दुसरीकडे न्यावी. संपादक महोदय, गॅदरिंगच्या हंगामात आपण पानभर फोटो छापता, त्याच्या तळाशी हा नंबर रोज यावा. जाहिरात विभागाने जागेची अडचण सांगितली तर माझं हे पत्र कापून छोटं करा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे