मलम देण्याआधी नखं पाहा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
सप्रेम नमस्कार.

फुप्फुसाचा कर्करोग काही रुग्णांत खोकल्याआधी कातडीवर दिसतो. रुग्ण त्वचेच्या ओपीडीत येतो, मलम घेऊन जातो. छातीचा फोटो (एक्स-रे) कुणाला सुचतच नाही. काही ठरावीक चिन्हं दिसली की त्वचा विभागानेच छाती तपासून घ्यावी, असा लेखी नियम आपण करावा.

सुरुवात नखांपासून. दोन्ही तर्जनी नखाला नख भिडवून धरल्या की नखांच्या मुळाशी पतंगाच्या आकाराची फट दिसते. फट बुजली असेल तर बोटांची टोकं फुगली आहेत. याला दहा सेकंद लागतात. हृदयविकारात किंवा फुप्फुसाच्या जुन्या संसर्गातही असं होतं, काहींची बोटं जन्मतःच तशी असतात. पण बदल नवा असेल, त्यात मनगटं-घोटे सुजून दुखत असतील, तर संधिवाताच्या गोळ्यांआधी फोटो हवा.

सर्वाधिक चुकतं ते डर्मॅटोमायोसायटिसमध्ये, म्हणजे त्वचा आणि स्नायूंना सूज आणणाऱ्या आजारात. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर चपटं पुरळ, जिना चढताना किंवा केस विंचरताना ताकद न पुरणं. सावळ्या त्वचेवर तो जांभळा रंग तपकिरी भासतो आणि ‘अ‍ॅलर्जी’ म्हणून निभावून नेला जातो. स्टेरॉइडने पुरळ ओसरतं, मग शोधही थांबतो. प्रौढांत यामागे कर्करोग सापडण्याची शक्यता पहिल्या वर्षात सर्वाधिक असते. म्हणून पहिली तपासणी स्वच्छ आली तरी किमान 3 वर्षं पाठपुरावा हवा.

मानेवरची काळी मखमली त्वचा बहुधा लठ्ठपणा किंवा मधुमेहाची. त्या सगळ्यांना सीटी स्कॅनला पाठवा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र ती काही आठवड्यांत पसरली, वजन उतरलं, तळहात जाड आणि खोल रेघांचे झाले, तर गोष्ट वेगळी.

चेहरा-मान सुजली, वाकल्यावर सूज वाढते, छातीवर शिरा फुगल्या आहेत: हा रुग्ण त्याच दिवशी दाखल व्हावा.

फोटोवरही विसंबू नये. छोटी गाठ हृदयामागे किंवा गळपट्टीच्या हाडाआड लपते. तेव्हा चिन्हं ठळक असतील तर फोटो ‘नॉर्मल’ असूनही सीटी व्हावा, आणि तो लिहून देण्याचा अधिकार त्वचा विभागाला असावा. आज बऱ्याचदा त्यासाठी रुग्णाला दुसऱ्या ओपीडीत पाठवतात आणि तो तिथे पोहोचतच नाही. केसपेपरवर तीन रकाने वाढवले तरी पुरे: नखांची फट, बदल किती आठवड्यांचा, वजन किती घटलं.

आपले,
त्वचा आणि छातीविकार विभागांतील डॉक्टर