खालच्या मजल्यावरच्या काकूंना

काकू,

समोर बसून थँक्यू म्हणायला गेले की तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणता आणि चहा टाकायला उठता, म्हणून सरळ लिहूनच टाकतेय, सगळ्यांना वाचू दे.

मागच्या पावसाळ्यात बाबा पहाटे चारला खाली पार्किंगमध्ये जाऊन उभे राहायचे. सगळी नोकरी एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली, त्यामुळे त्यांच्या डोक्यात पहिली गाडी सोडायची वेळ झालेली असायची. मी धावत जायचे आणि सांगत बसायचे की बाबा तुम्ही रिटायर झालात, हा डेपो नाहीये, वर चला, मग ते चिडायचे, मी चिडायचे, एकदा तर मी त्यांना दंडाला धरून ओढलं आणि ते तुम्ही खिडकीतून बघितलंत. मला काही बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी माझ्याआधी तुम्हीच खाली. "साहेब, गाडी लेट आहे, तोवर चहा घेऊ या." बाबा गुमान तुमच्यामागे आले.

हे तुम्हाला सुचलं कसं विचारलं तर म्हणालात, सुमित्रा भावेंचा अस्तु सिनेमा बघ, मग बोलू.

भावेबाईंचं नाव मी ऐकलं होतं, बस तेवढंच. बाबा झोपल्यावर रात्री लॅपटॉपवर लावला. संस्कृतचे एवढे मोठे पंडित चक्रपाणी शास्त्री, मोहन आगाशेंनी केलेत (ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत हे मला तुमच्याकडूनच कळलं), आणि ते गाडीतून उतरून हत्तीच्या मागे निघून जातात. मुलगी इरा शहरभर शोधत फिरते आणि तिकडे माहुताची बायको चन्नम्मा त्यांना जेवू घालते, ते तिला आई म्हणतात आणि ती होते आई! तिला ना त्यांच्या त्या विसरण्याच्या आजाराचं नाव माहीत ना हे कोण विद्वान ते माहीत, भूक लागलेला म्हातारा माणूस दारात आलाय एवढंच तिला दिसतं. अमृता सुभाषला त्यासाठी नॅशनल अवॉर्ड मिळालंय, आणि मिळायलाच हवं होतं. पण मी रडले ते इराला बघून. बापावर जीव आहे, त्याचाच कंटाळाही येतो आणि मग त्या कंटाळ्याची शरम वाटते, हे माझ्या तोंडून कधीच निघालं नसतं.

मग तुम्ही लाइटबिलाच्या पाठीवर मला भावेबाईंच्या सिनेमांची लिस्ट करून दिलीत. देवराई, कासव, दिठी, वास्तुपुरुष, दोघी. आणि खाली लिहिलंत, "एका दिवशी एकच". ते बिल अजून फ्रिजवर आहे.

देवराईत अतुल कुलकर्णीचा शेष स्किझोफ्रेनियाने आजारी, सगळे त्याच्याबद्दल बोलतात, मी मात्र पूर्ण वेळ बहिणीकडे बघत होते, सोनाली कुलकर्णीकडे, भाऊ का संसार या ओढाताणीत ती कशी दमते ते. कासवला 2016 चं सुवर्णकमळ मिळालं आणि बरेच जण त्यालाच त्यांचा सगळ्यात चांगला सिनेमा म्हणतात. मला अस्तु वर वाटतो, यावर आपलं भांडण झालंय आणि परत होईल. पण कासवातली जानकी त्या जीव द्यायला निघालेल्या मुलाला घरी आणते आणि प्रश्नच विचारत नाही, तो बोलेपर्यंत नुसती आसपास राहते, ते बघून मी बाबांना "मी कोण, ओळखा बघू" विचारायचं बंद केलं. रोज विचारायचे हो मी! परीक्षा घेतल्यासारखी.

तुम्ही सांगितलंत की भावेबाई मूळच्या सोशल वर्कच्या, सिनेमाचं शिक्षण वगैरे काही नाही, बायकांचा अभ्यास करता करता 1985 मध्ये बाई नावाची शॉर्ट फिल्म केली आणि पुढे सुनील सुकथनकरांबरोबर करतच राहिल्या. तेव्हा उलगडलं मला. त्या आजारावर सिनेमा करतच नाहीत, त्या आजारी माणसाच्या घरात जाऊन बसतात. तुमच्यासारख्या.

दिठी बाबांना घेऊन बघितला, आठवतं ना तुमच्या हॉलमध्ये? 2021 च्या एप्रिलमध्ये भावेबाई गेल्या आणि पुढच्याच महिन्यात तो आला. दि. बा. मोकाशींची गोष्ट, ती मी नंतर वाचली. तीस वर्षं वारी करणारा रामजी लोहार, मुलगा पुरात गेला, विठ्ठलावरच रागावलेला, आणि त्याच पावसात अडलेली गाय सोडवायला त्याला बोलावणं येतं. बाबा दहा मिनिटं एका जागी बसत नाहीत, पण अभंग लागले की मांडीवर ठेका धरत होते, आणि शेवटी मला हळूच विचारलं, "वासरू झालं का गं?" झालं बाबा, म्हटलं. खूप महिन्यांनी आम्ही दोघं एकच गोष्ट बघत होतो काकू. त्यासाठी थँक्यू, बाकी सगळ्यापेक्षा त्यासाठी.

वास्तुपुरुष मला पहिल्यांदा जड गेला, अर्ध्यात सोडला, परत लावणार आहे. दोघी राहिलाय. रविवारी तुमच्याकडेच बघू, पेन ड्राइव्ह घेऊन येते. बाबा पहाटे अजून उतरतात कधीकधी. आता मीच सांगते, गाडी लेट आहे साहेब.

तुमची,
वरच्या मजल्यावरची