विजेत्यांना वाद्यवृंदासोबत वाजवू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठाच्या युवक महोत्सवाचा निकाल परवा आपल्या अंकात वाचला. शास्त्रीय गायन, स्वरवाद्य, तालवाद्य, आणि प्रत्येकापुढे तीन-तीन नावं. ही यादी मी दरवर्षी वाचते. ठाण्यात गेली तीस वर्षं व्हायोलिन शिकवते आहे, त्यामुळे अधूनमधून माझ्या वर्गातलं एखादं नाव त्यात असतं. यंदा मात्र यादी वाचून पेपर खाली ठेवला तरी एक प्रश्न मनातून जाईना. या पहिल्या आलेल्या मुलांचं पुढे काय होतं? नुकतीच पाच महिने लेकीकडे अमेरिकेत राहून आले. अशाच एका स्पर्धेत पहिल्या आलेल्या मुलीचं तिथे पुढे काय होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून हे पत्र.

लेक मिशिगनमध्ये ॲन आर्बरला असते. ते गावच विद्यापीठाचं. नात तिथेच इंजिनिअरिंगला आहे आणि तिची रूममेट संगीत विभागात बॅसून वाजवते. बॅसून म्हणजे चार फुटांहून उंच, खर्जातलं, फुंकून वाजवायचं वाद्य. त्या विभागात कॉन्चेर्टोची स्पर्धा होते. कॉन्चेर्टो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि अख्खा वाद्यवृंद यांच्यासाठी बांधलेली रचना, बहुतेक तीन भागांची. स्पर्धेत मुलं पियानोच्या साथीवर वाजवतात, परीक्षक निवड करतात. इथवर सगळं आपल्यासारखंच. पण जो जिंकतो त्याला बक्षीस काय, तर विद्यापीठाचा पूर्ण वाद्यवृंद. साठ-सत्तर मुलं, म्हणजे त्याच्याच वर्गातली, कँटीनमध्ये त्याच्या शेजारी बसणारी मुलं, त्याच्या मागे बसून वाजवणार आणि तो पुढे उभा राहणार.

नातीने मला एका तालमीला नेलं. मागच्या रांगेत बसलो. विशीतली मुलगी, केस रबरबँडने बांधलेले, पायात साधे बूट. जर्मन संगीतकार मेंडेलसोनचा ई मायनरमधला व्हायोलिन कॉन्चेर्टो होता. आम्ही हिंदुस्थानी वाजवणारे मांडी घालून बसतो आणि व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवतो, त्यामुळे उभ्याने एवढं वाजवणाऱ्या मुलीच्या खांद्याकडे माझं आधी लक्ष गेलं. खांदा अगदी सैल होता. मग मी ऐकू लागले.

पहिल्या भागात एक जागा येते. वाद्यवृंद थांबतो आणि व्हायोलिन एकटं वाजवत राहतं. याला कडेंझा म्हणतात. पूर्वी वादक ही जागा आपल्या मनाने, आयत्या वेळी भरत, आपल्या फिरतीसारखी. मेंडेलसोनने ती स्वतः लिहून ठेवली, आणि शेवटी न ठेवता भागाच्या मध्यात आणली. तिथे वादक चारही तारांवर गज उसळवत नेतो, प्रत्येक उसळीला स्वर वेगळा. ती मुलगी तसा गज उसळवत होती आणि तेवढ्यात वाद्यवृंदाने हळूच मूळ धून धरली. मुलगी थांबली नाही. तिचा गज तसाच उसळत राहिला, पण आता धून मागच्यांकडे होती. नात माझ्या कानात म्हणाली, "आज्जी, आता ती त्यांना साथ करतेय."

संपादक महाराज, तीस वर्षांत मी मुलांना तान शिकवली, मींड शिकवली, द्रुत गत शिकवली. मुख्य कलाकाराने साठ जणांखाली जाऊन त्यांना उचलून कसं धरायचं, हे मात्र मी कुणाला शिकवू शकले नाही, कारण ते शिकायला साठ जण लागतात.

तालमीत ही जागा चार वेळा घेतली. पहिल्या वेळी बासऱ्या उशिरा आल्या. दुसऱ्या वेळी मुलगी पुढे पळाली. वाद्यवृंद चालवणाऱ्या सरांनी काठी खाली ठेवून तिला सांगितलं की माझ्याकडे बघू नकोस, पहिल्या व्हायोलिनच्या गजांकडे बघ. तिसऱ्या वेळेला जमलं. चौथ्यांदा घेतली ती बहुधा आनंदासाठीच.

कार्यक्रम हिल ऑडिटोरियममध्ये झाला. 1913 सालची इमारत, साडेतीन हजारांच्या आसपास खुर्च्या, आणि आमच्या त्या कार्यक्रमाला तिकीट नव्हतं. सगळ्या खुर्च्या काही भरल्या नव्हत्या, पण गावातली म्हातारी माणसं आली होती, पोरंटोरं आली होती. पहिला भाग संपतो तेव्हा टाळ्या पडत नाहीत, कारण सगळे थांबले तरी बॅसूनचा एक स्वर मागे उरतो, आणि त्या एका स्वरावरून अर्धा स्वर चढून दुसरा भाग सुरू होतो. तेवढे दोन-तीन श्वास सगळं सभागृह नातीच्या रूममेटवर टांगलेलं होतं. स्पर्धा जिंकलेली मुलगी गज खाली घेऊन उभी होती आणि तीही ऐकत होती. परतताना नातीने सांगितलं की रूममेटने त्या एका स्वरासाठी महिनाभर पात्या तासल्या होत्या. वाद्याच्या तोंडाशी बसणारी बोरूची पाती स्वतःच तासावी लागते म्हणे.

आता आपल्याकडचं सांगते. काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी युवक महोत्सवात वाजवायला गेली. कोणतं विद्यापीठ ते सांगत नाही, सगळीकडे साधारण हेच आहे. दहा मिनिटं मिळतात. तबल्यावर कोण बसणार हे तिला व्हरांड्यात कळलं. स्वर लावेपर्यंत सूचना आली की वेळ सुरू झाली आहे. समोर परीक्षक, आणि त्यांच्या मागे आपापली पाळी येण्याची वाट बघत बसलेले पुढचे स्पर्धक. श्रोता म्हणावा असा एकही माणूस नाही. तिने बागेश्री वाजवला, पहिली आली, प्रमाणपत्र मिळालं. ते लॅमिनेट करून तिच्या आईने दिवाणखान्यात लावलं आहे. ती मुलगी आता बँकेत आहे आणि व्हायोलिनची पेटी माळ्यावर आहे. बँकेत जाण्यात काहीच वाईट नाही. नातीसारखी इंजिनिअरिंगवाली मुलंही तिथे विद्यापीठात वाजवतातच. पण आपल्या मुलीला वाजवत राहायला दुसरं कुणी सोबत नव्हतं. तिचं वाजवणं पहिल्या दिवसापासून एकटीचं होतं आणि आम्ही सगळ्यांनी ते तसंच ठेवलं, मीसुद्धा.

यावर आक्षेप काय येणार ते मला पाठ आहे. आपलं संगीत एकट्याचं, उपजेचं, म्हणजे आयत्या वेळी सुचण्याचं. वाद्यवृंदात ते कोंडलं जाईल. पण ज्यांच्याकडून आपण उपज शिकलो त्यांनीच ही वाट चालून दाखवली आहे. आकाशवाणीचा वाद्यवृंद 1952 मध्ये दिल्लीत उभा राहिला तो पंडित रविशंकरांच्या हाताखाली. त्यांनीच 1971 मध्ये सतार आणि सिंफनी वाद्यवृंदासाठी कॉन्चेर्टो रचला आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवला. उस्ताद झाकीर हुसेन यांचा तबल्यासाठीचा कॉन्चेर्टो 'पेशकार' 2015 मध्ये आपल्या मुंबईत, एनसीपीएच्या सभागृहात, पहिल्यांदा वाजला.

या दोन्ही कॉन्चेर्टोंच्याही आधीची एक गोष्ट मला जास्त जवळची वाटते, कारण ती कॉलेजच्या अंगणातली आहे. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस सिनेसंगीतात व्हायोलिन वाजवत, स्वरलेखन करत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल त्यांचे शिष्य. गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये मुंबईतले वादक जमवून स्वतःचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम केला. रागांवर बांधलेल्या रचना, आणि पुढे गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. आणि मेहली मेहतांना कसं विसरायचं? 1935 मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा सुरू केला आणि 1964 पासून लॉस एंजेलिसला तरुण वादकांचा वाद्यवृंद तीसहून अधिक वर्षं घडवला. जगप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक झुबीन मेहता त्यांचे चिरंजीव हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण मला वडिलांचं काम अधिक मोलाचं वाटतं. पोरांना एकत्र बसवून वाजवायला लावणारा माणूस आपल्या मुंबईतून गेला आणि त्याचा लाभ परक्या मुलांना झाला.

आपल्याकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांपुढे येतो. तोही मी आवडीने ऐकते. पण विद्यापीठाचा वाद्यवृंद म्हणजे सत्तर परदेशी वाद्यंच हवीत असं मुळीच नाही. आपल्या कोणत्याही विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मिळून पंधरा बासऱ्या, दहा-बारा व्हायोलिन, पाच-सहा सतारी, तीन-चार संवादिन्या, एखादा चेलो आणि तबला-पखवाज वाजवणारी मुलं निघतील. युवक महोत्सवात समूहगीत आणि लोकवाद्यवृंद असतातच, म्हणजे मुलांना एकत्र वाजवायची सवय अगदीच नाही असंही नाही. अडतं ते एवढ्यावरच की निकाल लागला की सगळे पांगतात.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. स्वरवाद्य, तालवाद्य आणि शास्त्रीय गायन यांत पहिल्या येणाऱ्या तिघांसाठी दहा-दहा मिनिटांची रचना संगीत विभागाने बांधून घ्यावी. मधली एक जागा मोकळी ठेवावी, तिथे मुलाने आपल्या मनाने वाजवावं, बाकीच्यांनी थांबून ऐकावं. त्याच विद्यापीठाच्या मुलांचा वाद्यवृंद, निदान सहा तालमी, आणि मग एक संध्याकाळ गावासाठी, विनातिकीट. आणि आपल्या वृत्तपत्राने त्या संध्याकाळी वार्ताहर पाठवून नुसती नावं न छापता ती मुलं कशी वाजली ते लिहावं.

कुठलंही विद्यापीठ हे मनावर घेणार असेल तर स्वरलिपी लिहून द्यायला मी बसेन. माझ्या वर्गातल्या चार मुली तालमीला येतील. आणि माळ्यावरची ती पेटी खाली काढायला मी बागेश्रीवालीच्या घरी स्वतः जाईन. तारा गंजल्या असतील, त्या बदलून देईन.

आपली,
एक व्हायोलिनशिक्षिका, ठाणे