मेकॅनिकल कीबोर्डमधील सदोष कळ व नाकारलेली वॉरंटी यांबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी पुण्यात मराठी पुस्तकांच्या अक्षरजुळणीचे काम करते. दरवर्षी पाचसहाशे रुपयांचा साधा कीबोर्ड बदलण्याचा कंटाळा आल्याने १४ महिन्यांपूर्वी मी आपला मेकॅनिकल कीबोर्ड ७,८०० रुपयांना घेतला. प्रत्येक कळीखालचा स्विच ५ कोटी वेळा दाबला जाईपर्यंत टिकेल, वॉरंटी २ वर्षांची आहे आणि स्विच बिघडल्यास तो सोल्डरिंगशिवाय काढून नवा बसवता येईल, असे खोक्यावर छापले होते. यांतील शेवटच्या वाक्यावर विसंबूनच मी एवढी रक्कम मोजली.

गेल्या दोन महिन्यांपासून इंग्रजी ‘ई’ची कळ एकदा दाबली तरी मधूनमधून अक्षर दोनदा उमटते. मराठी टंकनासाठी मी वापरते त्या इनस्क्रिप्ट मांडणीत याच कळीवर काना असतो. दुसरा काना टिंबांच्या वर्तुळासह पडद्यावर येतो आणि नजरेतून सुटला तर थेट प्रुफात जातो. पुस्तकाच्या एका सोळा पानी फॉर्मात (एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांच्या संचात) अशी २३ वर्तुळे निघाली आणि ती लेखकाने लाल शाईने दाखवून दिली, ही माझ्यासाठी फार लाजिरवाणी गोष्ट होती.

आपल्या सेवा केंद्राने सुचवल्याप्रमाणे मी पोर्ट बदलून पाहिले, ड्रायव्हर नव्याने टाकला, कीबोर्ड दुसऱ्या संगणकालाही जोडला. दोष कायम राहिला. त्यानंतर केंद्राने तो १९ दिवस ठेवून घेतला आणि ‘दोष आढळला नाही’ अशा शेऱ्यासह परत केला. हा दोष तीसचाळीस दाबांत एखाद्या वेळी दिसतो, त्यामुळे कळ चारदोनदा दाबून तपासणी आटोपली असावी, असे मला वाटते. पुढे दूरध्वनीवर मात्र ‘जास्त वापरामुळे झीज झाली’ असे सांगण्यात आले. दोषच नसेल, तर झीज कशाची झाली?

शिवाय हिशेब साधा आहे. मी दिवसाला सुमारे ४०,००० वेळा कळा दाबते. वर्षाचे ३०० कामाचे दिवस धरले आणि त्यातला दहावा हिस्सा कान्याचा मानला, तरी दोष सुरू होईपर्यंत ही कळ १२ लाख वेळा दाबली गेली असेल. म्हणजे छापील आयुष्याच्या अडीच टक्केही नाही.

अखेर मी स्वतःच स्विच बदलायचे ठरवले, पण सोबत दिलेल्या चिमट्याने तो हलेना. विचारल्यावर ‘या मॉडेलचे स्विच सोल्डर केलेले आहेत’ असे उत्तर मिळाले. खोक्यावरील मजकुराचे छायाचित्र, बिलाची प्रत आणि दोषाचा व्हिडिओ या पत्रासोबत जोडत आहे.

स्विच खरोखर बदलता येणारा नवा कीबोर्ड द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. सोल्डर करून दुरुस्त केलेला जुना कीबोर्ड मी स्वीकारणार नाही. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू व दिशाभूल करणारी जाहिरात या कारणांवरून जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली ग्राहक,
सदाशिव पेठ, पुणे