सिस्टर, पट्टी उघडू न दिल्याबद्दल आभार

आदरणीय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

नाव लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही. पण बाबांना तुम्ही ओळखाल. रात्रीच्या लाईटवर हरभऱ्याला पाणी द्यायला गेले आणि नाग चावला, ते यवतमाळकडचे. विष उतरलं, पण पायाची कातडी सडली. ती काढून तिथं मांडीची कातडी लावावी लागली. डॉक्टरांचे आभार वेगळे मानले आहेत. हे पत्र मांडीसाठी.

कारण ऑपरेशननंतर बाबा पायाचं नावच काढत नव्हते. "पायाचं काही नाही वो, मांडीचीच आग हून राहिली." आम्हाला वाटलं, काहीतरी बिघडलं. तुम्ही खाटेशी बसून सांगितलं, की वरचा पापुद्रा मिलिमीटरच्या जेमतेम पाव भागाएवढाच निघतो, पण खालच्या नसांची टोकं उघडी पडतात, म्हणून आग. खाली केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी शाबूत असतात, तिथूनच नवी कातडी पसरते. टाके लागत नाहीत, साधारण दहा ते चौदा दिवस लागतात.

गावातल्या एकाला अशाच जखमेवर मलमाची जाळीपट्टी होती. ती सुकून चिकटली, ओढली की नवी कातडीही सोबत यायची. म्हणून आमचा जीव धास्तावला होता. तुम्ही समुद्री शेवाळापासून केलेली अल्जिनेटची पट्टी लावली. पांढरीशुभ्र. बाबा म्हणाले, हा तर आपलाच कापूस! जखमेचं पाणी पिऊन ती जेलीसारखी होते, चिकटत नाही. वरून पारदर्शक फिल्म. ओल धरून झाकलेली जखम उघड्या, खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते, हे जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकांनी 1962 मध्येच डुकरांवर दाखवलं होतं म्हणे. आमच्याकडे मात्र अजूनही "हवा लागू द्या"च चालतं.

घरी आल्यावर खरी परीक्षा झाली. आत्या हळद घेऊन तयार, शेजारचे काका राख सुचवून गेले. त्यात फिल्मखाली पिवळट-तपकिरी पाणी साचलं. पू झाला म्हणून सगळे पट्टी फाडायला निघाले. मी रात्रीच तुम्हाला फोटो पाठवला. तुम्ही विचारलं, "घाण वास आहे? ताप? भोवती लाली पसरते? दुखणं वाढलं?" यातलं काहीच नव्हतं. "मग हात लावू नका." तेवढ्या एका ओळीनं आत्याही गप्प बसली, आणि आत्याला गप्प बसवणं सोपं नाही.

पट्टी महाग पडली, हे खरं. पण रोज ड्रेसिंगला तालुक्याला जायचं म्हणजे एसटीचं भाडं आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी. हिशेब केला तर फार फरक उरत नाही. वेळ आली तेव्हा पट्टी सलाईननं भिजवून अलगद सुटली. बाबा बोलता बोलता थांबलेसुद्धा नाहीत.

आता मांडी गुलाबी दिसते, खाज सुटते. खोबरेल तेल लावतो, उन्हात झाकून ठेवतो. खाजवू नका म्हटलं की बाबा तुमचंच नाव सांगून मला दटावतात, "सिस्टरनं चोळायला सांगितलं आहे." हलक्या हातानं म्हणाला होतात ना तुम्ही? पुढच्या तपासणीला त्यांनाच समोर उभं करतो. सोबत घरच्या तुरीची डाळ आणतो, नाही म्हणू नका.

आपला,
बाबांचा थोरला