नेट हवेतून नाही रे, पाण्याखालून येतं!

प्रिय पश्या,

काल तुमच्याकडे गेलो होतो. काकूंनी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेला, तू तिकडे म्युनिकला लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलेला आणि इकडे त्या चपात्या लाटतायत, अर्धा तास कोणी धड बोलत नाही, मधेच काकूंचं "जेवलास का रे?" आणि तुझं "हूं". बास! लय भारी वाटलं मला ते.

तुझा मामा कुवेतला होता तेव्हाचं आठवतंय का? कोपऱ्यावरच्या बूथमध्ये काकूंबरोबर जायचो आपण, मीटरवर लाल आकडे पळायचे आणि काकू एका दमात सगळ्यांची खुशाली सांगून फोन ठेवायच्या, गप्प बसणं तर सोड, भांडायलासुद्धा परवडायचं नाही. व्हीएसएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीनी 15 ऑगस्ट 1995 ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, पण काकूंच्या ओट्यावर ते पोचलं 2016 ला जिओ आल्यावरच.

आणि तुझं ते "हूं" कुठून येतं माहितीय? लोकं सॅटेलाइट म्हणतात, कसलं काय, समुद्राच्या तळाला केबल टाकल्यात, खोल पाण्यात तर बागेतल्या पाईपाएवढ्याच जाड, आत काचेच्या तारा आणि त्यातून पळणारा उजेड. आपल्या वर्सोव्यालाच कितीतरी येऊन लागतात, वर कोळणी मासे वाळत घालतायत आणि खालून अख्ख्या युरोपशी गप्पा चालू. 2008 च्या जानेवारीत इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या तर इथं भारतात नेट रडायला लागलं होतं. तरी आपल्याला बरेच रस्ते आहेत रे. पॅसिफिक समुद्रातला तो छोटा बेटांचा देश टोंगा, त्याला बाहेर जायला एकच केबल होती, फिजीपर्यंतची, 15 जानेवारी 2022 ला ज्वालामुखी फुटला आणि ती तुटली, जोडायला पाचेक आठवडे गेले. न्यूझीलंडला राहणाऱ्या टोंगाच्या लोकांना पहिले काही दिवस घरचे जिवंत आहेत का तेच कळेना.

काकूंना मी हे काही सांगितलं नाही, उगाच जीवाला घोर. लँडलाइन चालू ठेवा म्हणणार होतो पण परदेशी कॉल तोही त्याच केबलमधून जातो, मग काय उपयोग!

बरं, रविवारी कॉल कर, पण आमच्या दुपारी, सकाळी पाणी येतं. आणि काकांचे ते गुलाबवाले शुभ सकाळ आता मलाही पहाटे साडेपाचला येतात, त्यांना तूच सांग बाबा, माझी हिंमत नाही.

तुझाच,
सुन्या