सोनू, तंबू ओला ठेवू नकोस गं

सोनू,

राजमाचीहून आलीस आणि सकाळीच मुंबईला पळालीस, तंबू तसाच पिशवीत कोंबलेला. जुलैत पुण्यात गच्चीवर काय डोंबल वाळणार, म्हणून हॉलमध्येच दोरी बांधून पंख्याखाली लटकवलाय, तुझी आई आता वाकून पलीकडे जाते आणि जाताना मलाच बोलते.

धुवायचं राहिलं तरी चालेल गं, वाळवायचं राहिलं की संपलं. फ्लायला, म्हणजे तंबूवरच्या बाहेरच्या कव्हरला, आतून पॉलियुरेथेनचा थर असतो, पाणी अडवतो तोच, आणि तो दमटपणानेच खराब होतो, आधी चिकट होतो, घाण वास मारतो, मग पापुद्रे सुटतात आणि मग काही केलं तरी तो तंबू गळणारच. बुरशी येते ती वेगळीच. तिकडे पावसात पॅक करायला लागलं तर फ्लाय आणि आतला तंबू वेगवेगळ्या पिशव्यांत भर, म्हणजे निदान एक तरी कोरडा येतो, आणि घरी आल्या आल्या दोन्ही उघडायचे, आंघोळ नंतर.

चिखल ओला असताना चोळू नकोस, वाळला की झटक, उरलेला कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि स्पंज. वॉशिंग मशिन नाही म्हणजे नाही, कपड्यांची पावडर पण नको. कडक उन्हात पण नको, उन्हाने नायलॉन कमजोर होतं. चेन अडकली तर ओढाओढी करायची नाही, जुन्या टूथब्रशने माती काढायची.

स्लीपिंग बॅग त्या आवळायच्या पिशवीतच ठेवतेस ना? आतलं भरण दबून जातं मग ऊब राहत नाही. घरी मोकळी ठेव, मोठ्या अभ्र्यात चालेल.

आणि पातेलं! चुलीवर ठेवायच्या आधी बाहेरून ओल्या मातीचा लेप द्यायचा, काजळी मातीबरोबर निघून जाते, गावाकडे सगळे करतात. पण किल्ल्यावरच्या टाक्यात भांडी बुडवू नका, लोक तेच पाणी पितात. पाणी काढून घ्या आणि लांब जाऊन घासा, साबण न लावता राखेने.

तंबूच्या पोलमधलं इलॅस्टिक पण सैल झालंय. पोल काढताना टोकापासून नको, मधून दुमडायला सुरुवात करायची म्हणजे ताण सारखा पडतो. नवीन इलॅस्टिक बोहरी आळीत बघतो, जुन्याचा तुकडा घेऊनच जातो.

बाबा